कावळ्याची तहान आणि पोरांची तहान

पोरांना गोष्टीचा सारांश शिकवायचा तर चौकट ठरलेली. कुणाला काय हवं होतं? आडवं काय आलं? त्यानं काय केलं? शेवटी काय झालं? वस्तीतल्या संध्याकाळच्या वर्गात मीही हीच फळ्यावर लिहितो. माझं भांडण चौकटीशी नाही. तिच्यात कोंबायला निवडलेल्या पुस्तकांशी आहे.

तहानलेला कावळा घ्या. पाणी तळाशी, खडे टाकले, प्यायला, उडाला. पहिल्या आठवड्याला ठीक. पण वर्षभर कावळेच शिकवलेत तर पोराच्या डोक्यात पक्कं बसतं की अडचण मडक्यातच असते. सुटली नाही तर तूच बिनडोक!

म्हणून दुसरी गोष्ट बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधली घ्या. २०११ साली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी ती 'भीमायन'मध्ये चित्रांत आणलीय. साल १९०१. साताऱ्याहून निघालेली पोरं मसूरला उतरली. गोरेगावहून बाप न्यायला आलाच नाही. जात कळली तसा एकही गाडीवाला तयार होईना. दुप्पट भाडं कबूल केलं, गाडी पोरांनीच हाकायची ठरली, तेव्हा एक तयार झाला. डब्यात अन्न होतं, पण प्यायला पाणी कुणी देईना. पोरं उपाशीच झोपली.

आता चौकट भरायला सांगा. एक लिहील, 'बापाला पत्र मिळालं नाही.' दुसरा लिहील, 'पाणी नव्हतं.' खोडू नका. एवढंच विचारा : पत्र मिळालं असतं, तर वाटेतल्या माणसांनी पाणी दिलं असतं का? नाही ना? मग अडचण दुसरीच आहे. ती पोरांनाच शोधू द्या. दुप्पट भाड्यानं गाडी मिळाली, पाणी नाही. म्हणून उपायाचे रकाने दोन करा : 'वेळ निभावली' आणि 'प्रश्न सुटला'. या गोष्टीत दुसरा रिकामाच राहतो. राहू द्या. पुढच्या तासाला २० मार्च १९२७ चं चवदार तळं घ्या, मग १९३७ चा हायकोर्टाचा निकाल. मग विचारा, आता तरी भरायचा का? वर्गात भांडणं होतील. होऊ द्यात.

दोस्तांनो, वस्तीतल्या वाचनालयाचं कपाट उघडा. एकेक पुस्तक हातात घेऊन बघा : अडचण कुणी घातली, हे पुस्तक सांगतं का? सुटका पोरं स्वतः करतात, की कुणी दयाळू शेटजी येऊन करतो? शेटजीवाली फेकू नका. तीही वर्गात न्या, आणि शेटजीकडं एवढा पैसा आला कुठून, ते पोरांना लिहायला सांगा.