हिरव्या दिव्यावर विसंबून

बँकेच्या शाखेत रोकड ठेवण्याच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. या किल्ल्यांचा दुसरा जोड कुठे असतो, ते मात्र सहसा कुणाला माहीत नसते. तो मोहरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेला असतो आणि ठरावीक मुदतीने तिथून आणून वापरातल्या जोडाशी त्याची अदलाबदल करावी लागते. या नियमाला कटकट म्हणणारे शाखेत नेहमीच असत. पण खरी मेख त्या अदलाबदलीतच आहे. जपून ठेवलेली किल्ली कुलपाला लागते की नाही, हे ती लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

घरोघरच्या संगणकांच्या बॅकअपकडे पाहिले की मला हा नियम आठवतो. हल्ली काही घरांत राउटरशेजारी एक काळी पेटी दिसते. तिला नॅस म्हणतात. म्हणजे घरातल्या सगळ्या संगणकांनी नेटवर्कवरून वापरायची सामायिक डिस्क. मुलगा अमेरिकेतून सुट्टीला येतो, पेटी बसवतो, 'बाबा, आता काळजी नाही' म्हणतो आणि परतीच्या विमानात बसतो. मागे उरतो तो एक हिरवा लुकलुकणारा दिवा.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तीसेक वर्षे गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या. गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक आता हयात नाहीत. सर त्या कॅसेटी एकेक करून संगणकात घेत होते. गेल्या वर्षी संगणकाची डिस्क गेली. पेटीचा दिवा हिरवाच होता. आत मात्र शेवटची प्रत चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. मधल्या काळात अकरा कॅसेटी उतरवून झाल्या होत्या. त्यांतल्या चारच पुन्हा वाजल्या, बाकीच्यांच्या फिती बुरशीने चिकटलेल्या. कारण काय, तर इंटरनेटवाल्याने राउटर बदलला, नव्या राउटरने पेटीला नेटवर्कवरचा नवा पत्ता दिला आणि संगणक जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ येई आणि पाच सेकंदांत जाई.

हा बिघाड शोधायला इंजिनिअर लागत नाही, क्रम लागतो. जुन्या बँकवाल्यांना खतावणीतला फरक शोधण्याची युक्ती आठवत असेल. फरकाला ९ ने भाग गेला, तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव. २ ने भाग गेला, तर त्याच्या निम्मी रक्कम नावेऐवजी जमेला पडली आहे का ते आधी पाहायचे. सगळी वाउचरे उपसत बसायचे नाही. बॅकअपचेही तसेच. आधी पेटी नेटवर्कवर दिसते का ते पाहावे. नसेल, तर पत्ता बदलला असेल. राउटरमध्ये तो पत्ता पेटीच्या नावे कायम राखून ठेवता येतो. दिसत असेल, तर आपल्या हाताने तिच्यातला फोल्डर उघडावा. उघडला नाही तर बहुधा पासवर्डचा घोळ असतो. पेटीवरचा बदललेला आणि विंडोजने जुनाच लक्षात ठेवलेला. उघडला तर त्यात एक लहानशी फाइल लिहून पाहावी. लिहिता येत नसेल, तर जागा भरली आहे किंवा लिहिण्याची परवानगी नाही. एवढे सगळे जमले तरच बॅकअपच्या प्रोग्रामवर संशय घ्यावा.

एक कारण मात्र या क्रमातही चकवते. विंडोज आणि पेटी ज्या बोलीत बोलतात, तिला एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती असुरक्षित ठरली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने तिच्यातल्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षाच्या शरदापासून नव्या विंडोज १० मध्ये ती बोली मुळात येईनाशी झाली. पुढे २०२४ मध्ये विंडोज ११ च्या बहुतेक आवृत्त्यांनी बिनपासवर्डाच्या पाहुण्या खात्यालाही नकार दिला. दोन्ही निर्णय योग्यच. पण ज्यांच्या पेट्या जुन्या, त्यांचा बॅकअप एका अपडेटनंतर बंद पडला आणि पडद्यावरचा संदेश पेटी सापडत नसल्यासारखा! यावर जुनी बोली पुन्हा चालू करण्याचा सल्ला हटकून मिळतो. तो ऐकू नये. पेटीचेच सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, ते होत नसेल तर पेटी बदलावी.

दोन डिस्कांच्या पेटीबद्दलही एक गैरसमज आहे. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटते, म्हणून माणसे निर्धास्त असतात. पण हा कार्बन कागद झाला. वरच्या पावतीवर चूक झाली तर खालच्या प्रतीतही तीच चूक. डिस्क जळाली तर ही सोय उपयोगी. फाइल चुकून पुसली गेली, तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी जाते.

संगणकवाले म्हणतात, संदेश वाचला नाही हा वापरणाऱ्याचा दोष. त्यांना ३१ जानेवारी २०१७ ची आठवण करून द्यावीशी वाटते. गिटलॅब ही खुद्द प्रोग्रामरांची कंपनी. तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून रात्री चुकीच्या सर्व्हरवरची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. एकही धड चालत नव्हती. बॅकअप फसल्याचे ई-मेल निघत होते, पण तेही वाटेत नाकारले जात होते. कुणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या प्रतीने लाज राखली. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. पण जिथे हे जाणकारांचे झाले, तिथे सत्तरीतल्या प्राध्यापकाला दोष देण्यात काय अर्थ?

माझी तक्रार या पेट्या आणि प्रोग्राम बनवणाऱ्यांविषयी आहे. फ्रिजचे दार उघडे राहिले तर तो ओरडतो. कुकरची शिट्टी शेजाऱ्यांनाही ऐकू जाते. मग आठ दिवस प्रत निघाली नाही तर या पेटीने गप्प का बसावे? ई-मेलने कळवण्याची सोय बहुतेक पेट्यांत असते, पण ती आपण शोधून सुरू करायची! हिरव्या दिव्याचा अर्थ 'वीज आहे, डिस्क फिरते आहे' एवढाच. रोकड जुळल्याशिवाय शाखा बंद करता येत नाही. 'दिवे चालू होते' हे कारण कोणताही तपासनीस ऐकून घेत नाही. शेवटची प्रत कोणत्या तारखेची, हे पेटीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत, घरातल्या माणसांच्या भाषेत दिसले पाहिजे. यात तंत्रज्ञानाची अडचण नाही, इच्छेची आहे.

आणि पेटी घराबाहेरच्या जगाला उघडी ठेवू नये. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या जुन्या पेट्या जगभर अनेक घरांत दूरवरून कुणीतरी पार कोऱ्या केल्या. त्यांचे सॉफ्टवेअर २०१५ नंतर सुधारलेच गेले नव्हते.

२०११ पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळतात. बँकांचे वार्षिक क्लोजिंग त्याच तारखेला असते, हा योगायोग मला आवडतो. पण घराला वर्षातून एकदा पुरत नाही. महिन्यातून एकदा पेटीतली कोणतीही एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उतरवावी. फोटो असेल तर पाहावा, आवाज असेल तर शेवटपर्यंत ऐकावा. शिवाय दोन सुट्या डिस्का घ्याव्यात. एकीवर प्रत काढून ती बहिणीकडे, मुलीकडे, दुसऱ्या गावी ठेवावी आणि दिवाळीला जाताना दुसरी तिथे ठेवून पहिली परत आणावी. आणलेली डिस्क घरी आल्यावर त्याच दिवशी लावून पाहावी.