पोरगी पेन्सिल खाते, तिला मारू नका

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मुदखेडच्या वस्तीतली एक आई चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन घरी आली. "भाऊ, तुमी शिकलेले हाव, हिला समजावा. पाटीवरच्या पेन्सिली खाती, चुलीची माती खाती. मारलं तरी सोडंना." पोरगी मान खाली घालून उभी होती. माझ्या पत्नीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती.

सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८ निघाले. या वयात ते निदान १२ पाहिजे.

वाचकहो, माती, खडू, राख, कच्चे तांदूळ खाण्याची अनावर इच्छा होणे हा खाण्याचा विकार आहे. डॉक्टर त्याला 'पायका' म्हणतात. पुष्कळदा त्याच्या मुळाशी रक्तातल्या लोहाची कमतरता असते. माती ती भरून काढत नाही. उलट अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, आणि तिच्यातून जंतांची अंडी पोटात जातात. गरोदर बाई माती खाते तेव्हा आपण 'डोहाळे' म्हणून हसतो. पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईचा बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तिच्या जिवावर बेतते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ स्त्रियांत रक्त कमी आढळले. मी कारकून माणूस, मला हा हिशोब कळतो. दर महिन्याला खर्च आहे, आणि ताटात जमा नाही. बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्या वाट्याला भाकरी आणि कालवणाचे पाणी.

तेव्हा आधी रक्त तपासा. शाळेत, अंगणवाडीत मिळणारी आठवड्याची निळी गोळी आणि जंताची गोळी मुलीला घेऊ द्या. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, भिऊ नका. गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा नको, ताटात लिंबाची फोड असू द्या. डाळ, हुलगे, पालेभाजी, सुकट, कधी कलेजी, यात तिचा वाटा आधी काढा. रक्त भरूनही सवय सुटली नाही तर डॉक्टरांना सांगा, कारण मनाचेही असू शकते.

त्या पोरीची पेन्सिल आता सुटली आहे. घरात ती अजून शेवटीच जेवते. आज रात्री तुमच्या घरी शेवटी कोण जेवते, तेवढे बघा.