भाव घराचा नव्हे, जमिनीचा

राज्याच्या राजधानीत सदनिकांचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर का गेले, असा प्रश्न केला की ठरावीक उत्तरे कानी पडतात. सिमेंट महागले, पोलाद महागले, मजुरी वाढली आणि बाहेरून येणारे लोंढे थांबत नाहीत. ही उत्तरे आता आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडीही सहज येऊ लागली आहेत. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण निदान चुकले की मागणीही चुकते.

जालन्याच्या कारखान्यात तयार होणारी सळई जालन्यात आणि परळमध्ये मिळते तिच्या किमतीत फरक असतो तो मुख्यतः वाहतुकीच्या खर्चाचा. सिमेंटचीही तीच कथा. उंच इमारतीला खोल पाया आणि लिफ्ट लागते, म्हणून बांधकामाचा खर्च दुप्पट होतो असे वादाकरिता धरू. परंतु परळच्या सदनिकेची किंमत जालन्याच्या दुप्पट नसते, कित्येक पट असते. ही तफावत विटांची नव्हे आणि गवंड्याच्या मजुरीची तर नव्हेच. ती जमिनीची आहे.

मग जमिनीचा भाव कशाने ठरतो? जमीन कोणी निर्माण करीत नाही, तेव्हा तिला उत्पादनखर्च नाही. बिल्डर हिशेब उलट्या बाजूने मांडतो. या जागी उभ्या राहणाऱ्या घरांना गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती मोजू शकेल, त्यातून बांधकाम, व्याज, सरकारी आकार आणि आपला नफा वजा जाता जे उरेल ते जमीनमालकाचे. म्हणजे जमीन महाग म्हणून घर महाग, हे अर्धसत्य आहे. घराला चढी किंमत देणारा मिळतो म्हणून जमीन महाग होते. धान्य आणि खंड यांचा असाच संबंध रिकार्डोने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिला होता.

यातून एक गंभीर गोष्ट निष्पन्न होते. गृहकर्जाचा व्याजदर उतरला, परतफेडीची मुदत वाढली किंवा प्राप्तिकरात सवलत मिळाली, की नोकरदाराला दिलासा मिळाल्याचा डांगोरा पिटला जातो. वस्तुतः त्याची मोजण्याची ताकद वाढते आणि त्या वाढीचा मोठा वाटा जमिनीच्या भावात जिरून जातो. त्यातच घर राहण्यासाठी न घेता पैसा गुंतवण्यासाठी घेणाऱ्यांची भर पडते. २०११ च्या जनगणनेच्या आधारे २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईतील रिकाम्या घरांची संख्या सुमारे ४.८ लाख दिली आहे. त्याच जनगणनेत शहरातील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. घरांचा तुटवडा आणि घरांची रिकामी रांग एकाच शहरात नांदतात, याचा अर्थ केवळ संख्येच्या गणिताने हा प्रश्न सुटणारा नाही.

जागेचे मोल वाढवतो कोण? लोकलगाड्या सार्वजनिक पैशाने धावतात. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये आली, तिच्या स्थानकांलगतच्या जमिनीचे मालक त्यासाठी काही घाम गाळत नव्हते. भातसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला पाठवणाऱ्या शहापूर तालुक्यातील गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. समाजाने निर्माण केलेले हे मूल्य सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याच्या पदरात पडते.

शासनाचा हात तर याहून थेट आहे. किती चटईक्षेत्र बांधता येईल हे शासन ठरवते आणि एका अधिसूचनेने जमिनीचे मोल बदलते. गिरण्यांच्या जमिनी हे याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला अशी वाटणी ठरवली होती. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. गिरणगावातील कामगारांच्या वाट्याची शेकडो एकर जमीन अशी नियमाच्या एका शब्दात आकसली.

पुरवठा वाढवा, बंधने काढा, भाव आपोआप उतरतील, असे सांगणारे अर्थतज्ज्ञ आहेत. त्यांच्या म्हणण्यात मुळीच तथ्य नाही असे नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, चाळींमधील भाडेकरूंना संरक्षण मिळाले. पण भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे थांबले आणि जुन्या इमारती दुरुस्तीविना खचत गेल्या. शासनाने स्वतः भाड्याची घरे बांधली असती तर तो कायदा तोकडा पडला नसता. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याला सवलतींच्या कलमांनी पोखरले. तथापि तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, तेव्हा जमीन बाजारात येऊन घरे स्वस्त होतील असे आश्वासन देण्यात आले होते. ती स्वस्ताई गिरणी कामगाराच्या किंवा सफाई कामगाराच्या दारी आली नाही. जादा चटईक्षेत्रावर ज्यात नफा अधिक तेच घर बांधले जाते. शिवाय शासन हे चटईक्षेत्र अधिमूल्य घेऊन विकते आणि ते अधिमूल्य जमिनीच्या सरकारी दराशी बांधलेले असते. मुद्रांक शुल्कही किमतीवरच. भाव उतरवण्याची जबाबदारी ज्याची, त्याचीच तिजोरी चढ्या भावावर पोसली जाते.

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. व्हिएन्ना शहराने १९२३ मध्ये घरबांधणीचा कर बसवला. तो मोठ्या हवेल्यांवर जड आणि लहान घरांवर हलका होता. त्यातून १९३४ पर्यंत ६० हजारांहून अधिक घरे पालिकेने बांधली. त्या पालिकेकडे आजही दोन लाखांहून अधिक भाड्याची घरे आहेत. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मृणालताई गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशीत कमाल धारणा कायद्याखालच्या अतिरिक्त जमिनीवर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी हजारो घरे उभी केली. त्या कायद्यात शहरी जमिनीची भरपाई चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये होती. सिमेंट-सळई त्यांनाही बाजारभावानेच घ्यावी लागली. वगळला गेला तो सट्ट्याचा खंड.

परंतु घर पूर्ण मालकीचे दिले की विक्रीबंदीची मुदत संपताच ते बाजारात शिरते आणि पुढच्या कष्टकऱ्याला दार बंद होते. म्हणून आपली मागणी नुसती 'स्वस्त घरे द्या' अशी राहून चालणार नाही. सार्वजनिक जमीन लिलावात विकू नये. ती समाजाच्या मालकीची ठेवून भाडेपट्ट्याने द्यावी. सार्वजनिक खर्चामुळे वाढलेल्या जमीनमूल्याचा वाटा करातून वसूल करून भाड्याची घरे बांधावी. रिकाम्या ठेवलेल्या घरांवर जबर कर असावा.

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वच खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. तो खटला मुंबईच्या जुन्या इमारतींच्या संपादनावरूनच उद्भवला होता. मात्र साधनाची दुर्मीळता आणि मोजक्या हातांतील केंद्रीकरण पाहून निर्णय करण्याचे दार त्याच निकालाने उघडे ठेवले आहे. मुंबईच्या जमिनीहून दुर्मीळ आणि केंद्रित दुसरे काय आहे? त्या दारातून आत जाण्याचे काम वकिलांइतकेच वस्तीवस्तीत संघटना बांधणाऱ्यांचे आहे.