ध्वनिमुद्रण कोणासाठी?

‘सिद्दींची गाणी ध्वनिमुद्रित करून एखाद्या शहरातील संग्रहालयाच्या स्वाधीन करावीत, म्हणजे ती वाचली’, असा सूर कुळगी-जोयडा परिसरातील आपल्या साहित्यप्रेमी घरांतून अधूनमधून निघतो. हेतू चांगला आहे. माझे भांडण शेवटच्या तीन शब्दांशी आहे.

ह्यू ट्रेसी या संग्राहकाने १९५० साली केनियातील कापकातेत येथे किप्सिगिस मुलींचे ‘चेमिरोचा’ हे गीत टिपले. साथीला चेपकोंग नावाचे, तारा छेडून वाजवायचे वाद्य होते. ग्रामोफोनवरून कानी आलेल्या जिमी रॉजर्स या अमेरिकी गायकाचे नाव तिकडच्या तोंडी ‘चेमिरोचा’ झाले आणि गाण्यात तो अर्धा माणूस, अर्धा हरिण बनला! (लोकप्रतिभा ती हीच.) ट्रेसींनी १९५४ मध्ये स्थापिलेल्या आफ्रिकी संगीताच्या संग्रहात हे मुद्रण सुखरूप राहिले, दूरदूर ऐकले गेले, गाणाऱ्यांच्या गावी पोचायला मात्र त्याला सुमारे पासष्ट वर्षे लागली. मुद्रण वाचले, हे मान्य. पण गाणाऱ्यांच्या पदरी काय पडले?

आपल्या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वजही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडून पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले. निसटलेल्यांनी या रानांचा आश्रय घेतला. गुजरातेतील सिद्दींकडे मलुंगा हे भोपळा बांधलेले, धनुष्याकृती एकतारी वाद्य आहे. आपल्याकडे दमाम आहे. त्यांच्या कोकणीत मराठी शब्द ऐकूनही ते गाणे आपण शेजारघरचे मानले नाही. पाहुण्यांपुढे शेकोटीभोवती दमाम घुमला की टाळ्या देतो. त्यांच्या अंगणात बसून ऐकणारे किती? मीही पन्नाशीपर्यंत गेलो नव्हतो.

आणि दुसरी वाट नाही असे थोडेच आहे? गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणारीच्या नावागावासह. सुपे धरणाखाली गेले तेव्हा आपल्याच आज्यांच्या ओव्या कोणी लिहून ठेवल्या नाहीत, अशी हळहळ करणाऱ्यांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

म्हणून मंडळाने हे काम हाती घ्यायचे तर आधी गाणाऱ्याची संमती घ्यावी, मोबदला ठरवावा, त्याचे नाव मुद्रणावर घालावे आणि पहिली प्रत त्याच्याच वाडीवर ठेवावी. संग्रहालयाला दुसरी प्रत पुरेल.