जागृती नेमकी कुणाची करायची?

बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात बालहक्कांचा विषय निघाला की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं: लोक अडाणी आहेत, त्यांना कायदा ठाऊक नाही. मग बालदिनाला फेरी निघते, पंचायतीच्या भिंतीवर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर रंगतो, शपथ होते, फोटो जिल्ह्याला जातात.

अडाणीपणाचं हे गृहीतच खोटं आहे. औराद-भालकीकडं सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न कसं उरकतात ते बघा. पत्रिका छापत नाहीत. मंगल कार्यालय टाळतात, कारण तिथं टीसीवरची जन्मतारीख विचारतील. हळद रात्री, अक्षता पहाटे, आणि पुष्कळदा मुलीला मामाच्या गावी, महाराष्ट्रात उदगीर-देवणीच्या बाजूला नेऊन. कायदा ठाऊक नसलेला माणूस एवढी लपवाछपवी कशाला करील? अठराचा आकडा त्याला तोंडपाठ आहे. लग्नाची घाई होते ती वेगळ्याच कारणांनी: सातवीनंतर मराठी हायस्कूल लांब, एसटी वेळेवर नाही, पोर घरी बसलेली. या अडचणींवर फलकात उत्तर नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं कर्नाटकातलं प्रमाण २०१५-१६ला २१.४ टक्के होतं, २०१९-२१ला २१.३. मधल्या काळात भिंती कमी रंगल्या नव्हत्या.

जे खरंच ठाऊक नाही, ते कुणी सांगत नाही. कर्नाटकानं २०१६ला दुरुस्ती करून बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरवला. महाराष्ट्रात मात्र २००६चा केंद्रीय कायदा तसाच आहे: मुलीनं स्वतः कोर्टात जाऊन, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत लग्न रद्द करून घ्यायचं. उदगीर, निलंगा १९५६पर्यंत बीदर जिल्ह्याचेच तालुके होते. सोयरीक अजून ती जुनी हद्द मानते, कायदा नवी मानतो. त्या फटीत मुलगी सापडते. मी पाहिलेल्या एकाही फलकावर ही गोष्ट नाही.

दुसऱ्या बाजूचे काही मित्र म्हणतात, मग हा सगळा तमाशाच बंद करा. तेही पटत नाही. मुंबईत १९९६ला सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन मुलांच्या तोंडी नंबर बसला म्हणून चालली. पहाटेच्या लग्नाची कुणकुण सगळ्यात आधी वर्गातल्या मैत्रिणीला लागते. भिंत पुसली तर तिनं नंबर कुठून आणायचा?

अडाणीपणाच शोधायचा असेल तर जरा वर बघावं. जानेवारी २०२०मध्ये बीदरच्या शाहीन शाळेतल्या मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटक केलं. राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, आणि शाळकरी मुलांची चौकशी गणवेशातल्या, हत्यारबंद पोलिसांसमोर झाली. मुलांशी बोलताना पोलिसांनी शक्यतो साध्या कपड्यांत असावं, हा नियम सरकारनंच २०१६ला लिहिलेला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं ऑगस्ट २०२१मध्ये हे मुलांच्या हक्कांचं गंभीर उल्लंघन असल्याचं सकृद्दर्शनी मत नोंदवलं. जून २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी पीठानं तो गुन्हाच रद्द केला. नाटकातला मजकूर कुणाला आवडो न आवडो, त्या दिवसांत हक्कांचा धडा कुणाला हवा होता हे उघड आहे. त्यासाठी मात्र कुणी फेरी काढली नाही.

सरकारकडं खरं तर चांगलं साधन आहे: मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा. २००६च्या आदेशापासून ती कर्नाटकातल्या प्रत्येक पंचायतीनं वर्षातून एकदा भरवायची आहे. तिथं मुलं बोलतात आणि अधिकाऱ्यांनी ऐकायचं असतं. शौचालयाला पाणी नाही, शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान आहे, हे पोरं बेधडक सांगतात. जागृतीची दिशा इथं उलटी होते, आणि म्हणूनच ती खरी होते. फक्त मराठी बोलणाऱ्या गावात ती मराठीतून व्हावी; वर्गात धीट असलेलं पोर कन्नडमधल्या भाषणापुढं गप्प बसतं. मुलांकडून आलेली लग्नाची खबर हद्दीपलीकडची असेल तर पंचायत विकास अधिकाऱ्यानं (पीडीओ) पलीकडच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा, आणि त्याची नोंद सभेत वाचून दाखवावी.

तुमच्या गावात येत्या नोव्हेंबरात ही सभा भरेल तेव्हा मागं उभे राहा आणि भाषणं सुरू होण्याआधी एवढंच मागा: गेल्या वर्षीचं ठरावाचं रजिस्टर.