भावना कोणी दुखावल्या?

आमच्या वेळी जनसंपर्क अधिकारी म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी हार घेऊन उभा राहणारा, पाहुण्यांना सरबत विचारणारा आणि संध्याकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीत पत्रक नेऊन देणारा गृहस्थ. त्याने लिहिलेलं वाचणारेही साधारण त्याच्यासारखेच असत. आता तो जे लिहितो ते इंटरनेटवर एका क्षणात सगळ्या जातीधर्मांच्या माणसांपुढे जाऊन पडतं. काम अवघड झालंय यात शंका नाही. माझी भाचीच या व्यवसायात आहे, त्यामुळे तिची धावपळ मला ठाऊक आहे. पण या लोकांशी माझं एक भांडण आहे. ते माफी कशी मागतात, यावरून.

दोन उदाहरणं सांगते. दोन्ही तुम्हाला आठवत असतील.

ऑक्टोबर २०२० मध्ये 'तनिष्क'ची एक जाहिरात आली होती. मुसलमान घरातली सासू आपल्या हिंदू सुनेचं डोहाळजेवण सुनेच्या माहेरच्या पद्धतीने करते, इतकंच त्यात होतं. त्यावर गदारोळ उठला, बहिष्काराची हाक आली आणि कंपनीने जाहिरात मागे घेतली. दुसरी 'झोमॅटो'ची, जून २०२३ मधली, पर्यावरण दिनाची. 'लगान'मधला कचरा आठवतो ना? हात अधू असलेला, अस्पृश्य म्हणून गावाने दूर ठेवलेला. ती भूमिका केलेल्या नटालाच घेऊन प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून काय काय बनतं हे दाखवलं होतं, म्हणजे तो माणूसच दिवा वगैरे झालेला. 'मसान'चे दिग्दर्शक नीरज घायवान यांनी जाहीर टीका केली, हीही जाहिरात मागे घेतली गेली, आणि अनुसूचित जाती आयोगाने नोटीसही पाठवली.

आता गंमत बघा. दोन्ही कंपन्यांची निवेदनं शेजारी ठेवली तर साचा एकच. आमचा हेतू चांगला होता, अनवधानाने काही भावना दुखावल्या, म्हणून मागे घेतो. 'झोमॅटो'च्या निवेदनात 'काही समाज आणि व्यक्ती' असा शब्दप्रयोग होता. मी अनेक वर्षं मुलांना मराठी व्याकरण शिकवलं. वाक्यात कर्ता शोधा म्हणून मागे लागायची. 'भावना दुखावल्या' या वाक्यात दुखावणारा दिसत नाही. 'काही समाज' म्हटलं की दुखावलेलाही दिसत नाही. मग उरतं काय?

या दोन गोष्टी एका तागडीत कशा घालता येतील? पहिल्या जाहिरातीत कोणाचा अपमान नव्हता. दोन धर्मांची माणसं एका घरात सुखाने नांदताना दाखवली, हे काहींना पाहवलं नाही. दुसरीत एका माणसाला वस्तू केलं होतं, आणि ज्या नावाने त्याला हिणवलं जात होतं त्याच नावावर विनोद केला होता. आपल्या राज्यात तरी हे कोणाला समजावून सांगायची गरज पडू नये. पहिल्या ठिकाणी माफीचं कारणच नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी दलित समाजाचं नाव घेऊन, आमचं चुकलं असं म्हणायला हवं होतं.

'तनिष्क'ने निवेदनात आपल्या कर्मचाऱ्यांच्या आणि दुकानातल्या माणसांच्या सुरक्षिततेचाही उल्लेख केला होता. तेवढाच केला असता तर मी त्यांना पूर्ण गुण दिले असते. दुकानात उभ्या असलेल्या मुलीवर कोणी चालून येईल ही भीती खरी असते, आणि त्यासाठी माघार घेण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण मग तसं सरळ सांगा. त्याच्या आधी 'दुखावलेल्या भावना' आणून ठेवल्या की ओरडणारा बरोबर ठरतो.

हे भाचीला ऐकवलं तर ती म्हणाली, "मावशी, आम्हाला तासाभरात उत्तर द्यायचं असतं. किती हजार लोक रागावलेत तेवढं समोर दिसतं. ते का रागावलेत, हे बघायला वेळ कोणाला आहे?"

पण हजारांचा राग म्हणजे काय, याचंही एक उदाहरण आहे. २०१९ च्या होळीच्या आधी 'सर्फ एक्सेल'ची जाहिरात आली होती. एक छोटी मुलगी सगळे रंग स्वतःच्या अंगावर घेते, म्हणजे तिच्या मुसलमान दोस्ताला स्वच्छ कपड्यांनी नमाजाला जाता येईल. त्यावरही बहिष्काराची हाक आली, आणि रागाच्या भरात काही वीरांनी 'मायक्रोसॉफ्ट एक्सेल'ला जाऊन वाईट शेरे दिले! हिंदुस्तान युनिलिव्हरने जाहिरात मागे घेतली नाही. साबण अजून विकला जातोय. :)

वेळ नसतो हे मी मानते. पण वेळ आधी द्यायचा असतो. इंटरनेट हाती येण्याआधीच्या पोलिओच्या मोहिमेचं बघा. टीव्हीवर साक्षात अमिताभ बच्चन सांगत होते, तरी पश्चिम उत्तर प्रदेशात कित्येक घरांची दारं उघडत नव्हती. या थेंबांनी मुलं पुढे वांझ होतात अशी अफवा होती. २००१ पासून युनिसेफच्या मदतीने त्याच मोहल्ल्यांतल्या बायकांना घरोघरी पाठवलं गेलं, मशिदींतून घोषणा झाल्या, अलीगढ आणि जामिया मिलियासारखी विद्यापीठं पाठीशी उभी राहिली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. त्या बायकांकडे जनसंपर्काची पदवी नव्हती. कोणत्या घरात सासूशी बोलायचं आणि कोणत्या घरात दादल्याशी, हे त्यांना माहीत होतं.

आणि आता पुन्हा 'झोमॅटो'. (माझं त्यांच्याशी वैर नाही हो! २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरीवाला हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा याच कंपनीने त्याला जाहीरपणे ठणकावलं होतं. मला फार बरं वाटलं होतं.) मार्च २०२४ मध्ये त्यांनी फक्त शाकाहारी जेवण पोचवणारे वेगळे लोक, वेगळ्या हिरव्या पोशाखात, अशी घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख रद्द झाला. कारण लक्षात आलं की लाल शर्ट दिसला की सोसायट्या त्या माणसाला फाटकावरच अडवतील, आणि भाड्याने राहणाऱ्या गिऱ्हाइकालाही घरमालकाचा त्रास होईल.

चूक एका दिवसात दुरुस्त केली, हे चांगलंच. पण कोणत्या सोसायटीचा वॉचमन कोणाला लिफ्टमध्ये चढू देत नाही, हे लाल शर्ट घालून रोज वीस जिने चढणाऱ्या कुठल्याही मुलाने घोषणेच्या आदल्या दिवशी सांगितलं असतं. तो त्यांच्याच कंपनीत कामाला होता.