शिबिरात जागा शिल्लक होत्या

इथे आपण सगळे जुन्या लष्करच्या आठवणी लिहितो, कुणाच्या वाड्याच्या, कुणाच्या गणपतीच्या. मीही आज आठवणच लिहायला बसले आहे, पण शेवटी एक मागणं आहे. तेव्हा लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर टोपी बाजारातलं. बाड्याकडून आत शिरलं की टोप्या, साफे, लग्नाचे फेटे टांगलेली दुकानं, आणि मागच्या बोळात आमचा दुमजली वाडा. मे महिन्यात लू सुटली की दुपारी बाजारसुद्धा पेंगायचा. त्या वेळात आजी आम्हा बोळातल्या पंधरा-सोळा पोरांना माजघरात बसवायची. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारायचं काम पाळीपाळीने. आधी पावकी-निमकी, मग शुद्धलेखन, मग कविता, आणि शेवटी कैरीचं पन्हं. पन्ह्यासाठीच अर्धी पोरं यायची, हे आजीलाही ठाऊक होतं.

आमची शाळा हिंदी. शाळेत ‘ळ’ नावाचं अक्षरच नव्हतं. बाळ्याचा ‘बाल्या’ व्हायचा आणि कमळाचं ‘कमल’. आजी प्रत्येकाला समोर उभं करून दहा वेळा ‘काळा कावळा’ म्हणायला लावायची. आज मी तुमच्याशी मराठीत लिहिते आहे ते कुठल्या शाळेने शिकवलेलं नाही. ते सगळं घरी झालं. म्हणजे हिशेब केला तर मराठीपुरते आपण सगळेच घरी शिकलेले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आजीनंतर ते काम आपल्या मंडळाच्या उन्हाळी शिबिराने उचललं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ते केलंय, आता तुमची मुलं नि नातवंडं करतात. दहा दिवस, सकाळी सात ते अकरा: श्लोक, गोष्टी, नाटुकली, लेझीम, थोडं गाणं. मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून फॉर्म घेण्याचं काम माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एक बाई फॉर्म न्यायला माझ्याकडे आल्या. नवऱ्याची बदली होऊन अहमदनगरकडून इथे आलेलं मराठी ख्रिस्ती कुटुंब. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊ. “कोणत्या शाळेत घातलंय?” मी विचारलं. “शाळेत नाही घातलं काकू, मीच घरी शिकवते. पण मुलांना चार मुलांत बसायला हवं ना! म्हणून आले.”

खरं सांगते, मला ते पटलं नाही. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. पोराला शाळेत न घालणं म्हणजे पोहायला शिकवायचं आणि पाण्यात जाऊ द्यायचं नाही, असं माझं मत. तसं मी बोललेही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “एकदा घरी येऊन बघा ना.”

मी गेले. जेवणाच्या टेबलावरच वर्ग. सकाळी बायबलचं वाचन आणि प्रार्थना, मग गणित, मग विज्ञान, दुपारी वाचन. भिंतीवर मुलीने काढलेला ग्वाल्हेरचा नकाशा, किल्ल्यापासून बाड्यापर्यंत. पुढचं काय, विचारलं तर उत्तर तयार होतं: चौदा पूर्ण झाली की एनआयओएस, म्हणजे मुक्त विद्यालयातून दहावी. शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास दंड सांगितलेला नाही, हेही त्यांना माहीत होतं. आणि मुलगी माझ्याशी बोलली ती मराठी! नगरी हेल, पण प्रत्येक ‘ळ’ जागच्या जागी. आपल्या शिबिरातली पोरं आठवा: “आजी, मी जाऊन राहिलोय, मेरा बस्ता द्या.”

माझं मत पुरतं बदललं असं नाही. घरी एकाच माणसाकडून सगळं शिकताना त्या माणसाच्या उणिवाही मुलात उतरतात. भांडायला, हरायला, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबायला चार परकी मुलं लागतात. पण हेच तर ती आई मला सांगत होती! म्हणून तर ती शिबिराचा फॉर्म मागायला आली होती.

माझी भाची अमेरिकेत आहे. तिच्याकडे अशी घरी शिकणारी ख्रिस्ती मुलं खूप. ती कुटुंबं आठवड्यातून एक दिवस एकत्र जमतात. एक आई प्रयोग करून दाखवते, दुसरी चित्रकला घेते, कुणाचे वडील सुतारकाम शिकवतात, उन्हाळ्यात शिबिरं होतात. काही गट मात्र आधी श्रद्धेच्या कागदावर सही मागतात. सही नाही तर प्रवेश नाही. भाचीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, “काय बाई संकुचित लोक!” आणि त्याच भाचीच्या मुलाचा मराठीचा वर्ग दर रविवारी दुपारी कुठे भरतो? एका चर्चच्या हॉलमध्ये. त्यांना कुणी कागदावर सही मागितली नाही.

आता आपल्या बैठकीकडे येते. मी दोन्ही फॉर्म ठेवले. कुजबुज झाली. एक वहिनी म्हणाल्या, “शाळेत जात नाहीत म्हणजे काहीतरी असेलच.” एक भाऊ म्हणाले, “उद्या आपल्याच पोरांना प्रार्थनेला बोलावतील.” नानांनी, वयाने आणि मानाने मोठे, शारदा सदनाची गोष्ट काढली.

नानांचं मी हसण्यावारी नेत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात असा गदारोळ झाला आणि १८९३ साली बऱ्याच पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ती भीती हवेतली नव्हती. आपलं मूल दुसऱ्याच्या हाती देताना तिथे काय शिकवतात हे विचारायचा हक्क प्रत्येक आईबापाला आहे. पण मंडळी, इथे उलटं होतं. मूल ते आपल्या हाती देत होते. भ्यायचंच असेल तर त्यांनी भ्यावं.

आणि रमाबाईंचं नाव निघालंच आहे तर पुढचंही सांगायला हवं. ही बाई कुठल्या शाळेत गेली होती? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने मुलीला. त्या घरच्या शिक्षणावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं. तेव्हा ती ख्रिस्तीही झालेली नव्हती. घरी शिकवणं हे काही अमेरिकेतून आलेलं खूळ नाही.

रेव्हरंड टिळकांच्या कविता आजीने आम्हाला पाठ करून घेतल्या होत्या. ते ख्रिस्ती होते हे मला कॉलेजात कळलं. आजीला माहीत होतं, पण तिला ते सांगण्यासारखं वाटलं नसावं. लक्ष्मीबाई टिळक शाळेची पायरी चढल्या नाहीत, घरीच अक्षरं शिकल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून गेल्या. त्यांच्या नगरच्या घरात एक ठोंबरे नावाचा हिंदू मुलगा पोटच्या पोरासारखा राहिला, तेच आपले बालकवी. त्या घरात राहून ते ख्रिस्ती झाले नाहीत, कवी मात्र मोठे झाले.

आणि आपण तर ग्वाल्हेरकर! आपल्या गाण्याचा अभिमान मिरवतो ते कुणामुळे? हस्सू खाँसाहेबांनी वासुदेवबुवा जोशींना शिकवलं, वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना, आणि बुवांनी ते गाणं महाराष्ट्रात नेलं. निसार हुसेन खाँसाहेब तर शंकरराव पंडितांच्या घरी राहिले. तेव्हा एखाद्या बैठकीत फॉर्म पुढे ठेवला असता तर ग्वाल्हेर घराणं आपल्या ओसरीपर्यंत पोचलंच नसतं.

हे सगळं मी त्या बैठकीत बोलले का? नाही. एवढंच तर लिहायचं आहे.

मी गप्प बसले. मत घ्यायचीही वेळ आली नाही. कुणीतरी म्हणालं, “कशाला वाद? जागा भरल्या म्हणून कळवून टाका.” सगळ्यांना बरं वाटलं, मलासुद्धा. घरी आले आणि मोबाईलवर टाईप केलं: “क्षमस्व, यंदाच्या जागा भरल्या आहेत.” त्या वेळी माझ्या पिशवीत नऊ कोरे फॉर्म होते. चाळीस जागा, एकतीस मुलं. बाईंचं उत्तर आलं: “काही हरकत नाही काकू, पुढच्या वर्षी लवकर येऊ.”

तो निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे. नकार दिला असता तर निदान त्यांना कारण कळलं असतं आणि आपल्याला ते मोठ्याने बोलावं लागलं असतं. आपण ते जागांवर ढकललं. मी ढकललं.

जूनपासून ती दोन्ही मुलं आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्या घरी येतात. सोबत बोळातली आणखी सहा. मी कविता आणि शुद्धलेखन घेते. त्यांची आई एक दिवस विज्ञान घेते. लिंबावर छोटा दिवा लावून दाखवला तेव्हा आमची पोरं शिट्ट्या मारत होती. पहिल्या आठवड्यात त्या मुलाला पाळी येईपर्यंत थांबता येत नव्हतं, प्रत्येक उत्तर तोच देणार! आईला सांगितलं तर म्हणाली, “घरी त्याला थांबायला शिकवायला मुलंच कुठेत?” आता थांबतो. आणि त्याच्या बहिणीने आमच्या शेजारच्या चिंटूला ‘ळ’ म्हणायला शिकवला. जे काम मला दोन वर्षांत जमलं नव्हतं.

यंदा शिबिराची बैठक येत्या रविवारी संध्याकाळी आहे. मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, फॉर्मवरची ‘ज्ञाती’ची ओळ काढायची. लेझीम शिकवायला ती लागत नाही. दोन, दहा दिवसांचा कार्यक्रम तासानिशी छापून पालकांना आधी द्यायचा. श्लोक-स्तोत्रं राहतीलच, पण ज्यांना त्या वेळी बसायचं नाही त्यांच्यासाठी बाजूला वाचनाचा तास. कुणी कुणाच्या मुलाला आपला धर्म शिकवायचा नाही, हे दोन्ही बाजूंना लागू. तीन, नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून नाही म्हणायचं. ‘जागा भरल्या’ हे जागा भरल्यावरच.

काहीजण म्हणतील, मग शिबिराचं वेगळेपण काय राहिलं? माझ्या मते मराठी हेच वेगळेपण आहे, आणि ती आपल्या घरांतून किती झपाट्याने चालली आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथे तळ दिला आणि त्याचं लष्कर झालं. म्हणजे आपलं गावच मुळात शिबिर. तेव्हा आपणही इथे बाहेरून आलेले होतो, आणि या गावाने आपल्याला जागा दिली.

नाना, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. रागावला असाल तर रविवारी बैठकीत रागवा, मी ऐकीन. बाकीच्यांना विनंती, नुसते अंगठे दाखवू नका, बैठकीला या. यंदा अजून बावीस फॉर्म कोरे आहेत. मी मोजूनच निघणार आहे.